बुरशी परत परत का येते: आधी पाणी शोधा, रंगाचा डबा नंतर उघडा

भिंतीच्या कोपऱ्यात काळे हिरवे ठिपके दिसले की सगळीकडे साधारण एकच क्रम चालतो, फडकं घ्यायचं, ब्लीच नाहीतर व्हिनेगर मारायचं, घासून काढायचं, जरा वाळलं की वरून एक हात रंगाचा द्यायचा आणि सुटलो म्हणायचं. मग काही आठवड्यांनी त्याच कोपऱ्यात, त्याच उंचीवर, जवळजवळ त्याच आकाराचा डाग परत उगवतो. लोक म्हणतात औषध चांगलं नव्हतं, रंग हलका होता, दुसरं काहीतरी आणूया. पण डाग त्याच जागी आणि त्याच आकारात परत येतोय ही फार कामाची माहिती आहे हो, ती कोणी वाचतच नाही. त्या जागेला पाणी मिळतंय आणि अजूनही मिळतंय, एवढाच त्याचा अर्थ. जोपर्यंत ते पाणी येतंय तोपर्यंत तुम्ही वरून काहीही फासा, बुरशी येणारच.

असं का, ते बघूया. बुरशीचे बीजाणू म्हणजे तिच्या अतिशय बारीक बिया समजा, बहुतेकांचा आकार २ ते १० मायक्रॉन असतो, आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो म्हणजे किती बारीक ते कळेल. हे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, घरात, घराबाहेर, कपड्यांवर, धुळीत. घरातून ते पूर्ण काढून टाकणं शक्यच नाही. त्यांना खायला काय लागतं तर कागद, लाकूड, प्लायवूड, वॉलपेपरचा गोंद, जिप्सम बोर्डवरचा कागद, रंगातले काही घटक आणि हे काहीच नसेल तर भिंतीवर बसलेली साधी धूळसुद्धा चालते. तापमान त्यांना तेच आवडतं जे आपल्याला आवडतं. म्हणजे बीजाणू आपल्या हातात नाहीत, खाणं हातात नाही, तापमान हातात नाही, उरलं फक्त पाणी. म्हणून सगळी लढाई पाण्याशी आहे, बुरशीशी नाहीच. ओली झालेली वस्तू २४ ते ४८ तासांत पूर्ण वाळली तर सहसा बुरशी धरत नाही, त्याच्या पुढे गेलं की धोका सुरू, हा आकडा लक्षात ठेवा.

आता रंगाची भीती. काळी बुरशी म्हणजे विषारी आणि बाकीची साधी असं लोक धरून चालतात, तसं काही नसतं. घरात नेहमी सापडणाऱ्या बुरश्या म्हणजे क्लॅडोस्पोरियम, पेनिसिलियम, अ‍ॅस्परजिलस वगैरे, यातल्या कितीतरी काळ्या किंवा गडद दिसतात. ज्या एकीची सगळ्यात जास्त भीती घातली जाते ती स्टॅकीबोट्रिस, तिची कीर्ती मुख्यतः अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरामुळे झाली, तिथे १९९३-९४ मध्ये तान्ह्या बाळांच्या फुफ्फुसात रक्तस्राव होण्याच्या केसेस आल्या आणि बोट या बुरशीकडे दाखवलं गेलं. पुढे २००० साली अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने, तो सगळा अभ्यास परत तपासला आणि हा संबंध सिद्ध झालेला नाही असं सांगितलं. म्हणून बुरशी निरुपद्रवी ठरते का, तर अजिबात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यावर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात ओलसर घरात राहणाऱ्यांना खोकला, घरघर, दमा, श्वसनाचे त्रास जास्त होतात हे स्पष्ट म्हटलंय. दमेकरी, अ‍ॅलर्जीवाले, लहान मुलं, म्हातारी माणसं आणि ज्यांची प्रतिकारशक्ती आजारामुळे किंवा औषधांमुळे कमी झालीये त्यांना तर हे जास्तच लागू. त्यामुळे कोणत्या जातीची बुरशी आहे याची लॅब टेस्ट करत बसू नका, बहुतेक घरांत तिची गरज नसते, कुठलीही जात असली तरी करायचं तेच आहे. एक मात्र खरं, स्टॅकीबोट्रिसला सतत भिजलेला कागद किंवा लाकूड लागतं, नुसत्या दमट हवेवर ती सहसा वाढत नाही. जिप्सम बोर्डवर किंवा प्लायवर चिकट काळपट थर दिसला तर तिथे पाणी बराच काळ मुरतंय असं समजा.

त्याआधी अजून एक गोष्ट तपासा, ती बुरशीच आहे ना. भिंतीवर पांढरी भुकटी, कापसासारखे बारीक तंतू दिसले तर तो बऱ्याचदा क्षार असतो, लोक त्याला लोणा लागला असं म्हणतात. विटा, सिमेंट, वाळू यातले क्षार पाण्यात विरघळून भिंतीच्या पृष्ठभागावर येतात, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि रंगाचे पोपडे काढतात. ओळखायचं सोपं आहे, थोडी भुकटी पाण्याच्या थेंबात टाका, विरघळली तर क्षार, तशीच राहिली आणि बोटावर बुळबुळीत लागली तर बुरशी असण्याची शक्यता जास्त. हात लावताना ग्लोव्हज घाला. क्षार असेल तर बुरशीचं औषध मारून काहीच उपयोग नाही, पण बातमी तीच आहे, भिंतीतून पाणी फिरतंय.

पाणी भिंतीला तीन वाटांनी मिळतं. एक म्हणजे खरंच कुठेतरी लीकेज, दुसरं हवेतली वाफ थंड भिंतीवर जमणं, तिसरं जमिनीतून वर चढणारी ओल. तिन्हींवरचा इलाज वेगळा आहे आणि एकाचा इलाज दुसऱ्यावर केला की वेळ आणि पैसा दोन्ही जातात, म्हणून हे आधी ठरवा.

सोपी घरगुती चाचणी आहे. डागाच्या शेजारची भिंत पुसून कोरडी करा, हातभर अ‍ॅल्युमिनियम फॉइल किंवा जाड प्लॅस्टिकचा तुकडा घ्या आणि चारी बाजूंनी टेप लावून भिंतीला हवाबंद चिकटवा. एक-दोन दिवस तसंच ठेवा. नंतर बघा पाणी कुठल्या बाजूला जमलंय. खोलीकडच्या बाजूला ओलं असेल तर हवेतली वाफ जमतेय, भिंतीकडच्या बाजूला ओलं असेल तर पाणी भिंतीच्या आतून येतंय. दोन्हीकडे असेल तर दोन्ही गोष्टी चालू आहेत, आणि तसं खूप घरांत असतं कारण भिजलेली भिंत थंड राहते आणि थंड भिंतीवर वाफ अजून जमते. ही चाचणी शंभर टक्के अचूक नाही पण दिशा नक्की दाखवते.

वाफेचा भाग जरा आकड्यात सांगतो कारण इथे लोकांचा गोंधळ फार होतो. समजा खोलीत ३० अंश तापमान आहे आणि आर्द्रता ७० टक्के, तर कुठलीही वस्तू साधारण २४ अंशांच्या खाली गेली की तिच्यावर पाण्याचे थेंब जमायला लागतात. पण बुरशीला थेंब दिसण्याची वाटसुद्धा बघावी लागत नाही, भिंतीला अगदी लागून असलेल्या हवेच्या थरात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली तरी तिला पुरतं. वरच्याच उदाहरणात भिंत हवेपेक्षा जेमतेम दोन-अडीच अंशांनी थंड असली की हा ८० टक्क्यांचा आकडा गाठला जातो! म्हणून कपाटाच्या मागे, पलंगाच्या डोक्याशी, जड पडद्यामागे, छताच्या कोपऱ्यात बुरशी आधी येते, तिथे हवा फिरत नाही आणि भिंत थोडी थंड राहते. खोलीची आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली आणि जमलं तर ३० ते ५० च्या दरम्यान ठेवावी असं म्हणतात ते यामुळेच. आर्द्रता दाखवणारं छोटं हायग्रोमीटर मिळतं, ते एक घरात असू द्या, अंदाजाने बोलण्यापेक्षा आकडा बघून बोललेलं बरं.

जमिनीतली ओल ओळखणं त्यामानाने सोपं. ती फक्त तळमजल्यावर येते, खालून वर जाते आणि सहसा मीटरभर उंचीपर्यंत जाऊन थांबते, वरच्या कडेला क्षारांची आडवी रेघ दिसते. दिव्याची वात तेल वर ओढते तसं वीट आणि प्लास्टरमधली बारीक छिद्रं पाणी वर ओढतात. पायाजवळ जो पाणी अडवणारा थर घालायला हवा असतो तो नाही किंवा फुटलाय किंवा बाहेर मातीची, अंगणाची पातळी त्या थराच्या वर गेलीये. हे शेवटचं कारण फार वेळा दिसतं आणि ते दुरुस्त करणं सगळ्यात सोपं असतं, बाहेरची माती खाली उतरवायची आणि पाण्याला भिंतीपासून लांब जाणारा उतार द्यायचा.

आता मुख्य विषय, लीकेज. हे शोधताना सगळ्यात आधी डोक्यातून एक समज काढून टाका, की जिथे डाग तिथेच वर किंवा मागे गळती. पाणी सरळ खाली येत नाही. स्लॅबच्या वर कोब्यात, म्हणजे फरशीखालच्या भरावाच्या थरात, साठतं, उतार मिळेल तिकडे जातं, वायरिंगच्या पाईपात शिरून दुसऱ्याच खोलीतल्या दिव्याच्या होल्डरमधून टपकतं, बीमच्या कडेने चालत जाऊन कोपऱ्यात उतरतं. गळती एका टोकाला आणि डाग दुसऱ्या खोलीत असं सर्रास होतं. म्हणून डाग कुठे आहे यापेक्षा तो कधी ओला होतो हे विचारा, माझ्या मते ही एक सवय लागली तर अर्धं निदान घरच्या घरी होतं.

भिंत दिवसरात्र, पाऊस असो नसो, कोणी घरात असो नसो, सारखीच ओली आहे? मग संशय प्रेशरखाली असलेल्या पाण्याच्या लाइनवर, म्हणजे नळाला पाणी आणणाऱ्या पाईपवर, कारण त्यात सतत दाब असतो. कोणी अंघोळ केली की काही तासांनी डाग गडद होतो आणि घर बंद करून गावाला गेलं की वाळतो? मग सांडपाण्याची लाइन, नहाणी ट्रॅप (फरशीत पाणी जायचं तोंड आणि त्याखालचं भांडं) किंवा बाथरूमची फरशी. फक्त पावसानंतर? मग गच्ची, बाहेरच्या भिंतीच्या भेगा, खिडकीची चौकट. फक्त एसी चालू असताना? मग एसीचा ड्रेन पाईप तुंबलाय किंवा उलटा उतार झालाय, किंवा गार पाईपवरचं इन्सुलेशन फाटलंय. एक-दोन आठवडे साध्या वहीत तारीख, वेळ, पाऊस, वापर आणि डागाची अवस्था लिहून ठेवा, डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढून शेजारी तारीख टाका आणि रोज एकाच जागेवरून फोटो काढा. प्लंबर आला की हे त्याच्या हातात द्या. नुसतं "भिंत ओली आहे" सांगितलं तर तो अंदाजाने फोडाफोड सुरू करणार.

पाण्याच्या लाइनची चाचणी अशी, घरातले सगळे नळ, फ्लश, मशीन बंद करा, मीटर असेल तर त्याचा आकडा लिहा आणि एक-दोन तासांनी परत बघा. आकडा हलला तर कुठेतरी गळतंय. मीटर नसेल तर प्लंबरकडून लाइनची प्रेशर टेस्ट करून घ्या, लाइन बंद करून दाब देतात आणि काटा खाली येतो का ते बघतात. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकायचा आणि फ्लश न करता अर्धा तास थांबायचं, कमोडमध्ये रंग आला तर आतला वॉशर गळतोय. हे भिंत भिजवत नसलं तरी पाणी वाया जातंय. बाथरूमसाठी मात्र नहाणी ट्रॅपचं तोंड बंद करून फरशीवर इंचभर रंगीत पाणी साठवायचं आणि २४ तास ठेवायचं, पाण्याची पातळी नेहमीपेक्षा खूप उतरली किंवा खाली रंग दिसला तर फरशी किंवा तिचे सांधे जाताहेत. मग दुसऱ्या दिवशी फरशी कोरडी ठेवून फक्त ट्रॅपमध्ये पाणी ओता, आता डाग वाढला तर दोष ट्रॅप किंवा पाईपचा. एका वेळी एकच गोष्ट तपासायची, दोन गोष्टी एकत्र केल्या की उत्तर काहीच मिळत नाही. गच्चीसाठीही हेच, पाण्याच्या वाटा बंद करून पाणी साठवून बघतात, फक्त तेवढं वजन स्लॅब पेलेल ना हे आधी जाणकाराला विचारा.

बाथरूमबद्दल एक सांगायलाच हवं. टाईल्स आणि त्यांच्या सांध्यांत भरलेला मसाला, म्हणजे ग्राउट, पाणी अडवतो असं जवळजवळ सगळ्यांना वाटतं. साधा सिमेंटचा ग्राउट वॉटरप्रूफ नसतो. टाईलच्या खाली जो वॉटरप्रूफिंगचा थर असतो तो खरा पाणी अडवतो, तो जमिनीवर घातला जातो आणि भिंतीवरही काही उंचीपर्यंत चढवायला हवा, आणि ट्रॅपच्या तोंडाभोवती नीट आत वळवायला हवा. बहुतेक गळत्या इथेच असतात, ट्रॅपच्या भोवती, पाईप स्लॅबमधून जिथे आरपार जातो तिथे, आणि जमीन-भिंत मिळते त्या कोपऱ्यात. सांधे उकरून इपॉक्सी ग्राउट, म्हणजे पाणी न शोषणारा रेझिनचा ग्राउट, भरणं हा पहिला आणि कमी त्रासाचा प्रयत्न आहे, तो जरूर करा, पुष्कळदा काम होतं. पण करून झाल्यावर पाणी साठवण्याची चाचणी परत करा. तरीही पाणी उतरत असेल तर खालचा थर गेलाय आणि फरशी उघडल्याशिवाय पर्याय नाही, तेव्हा मग वरून वरून केमिकल ओतणाऱ्यांच्या मागे लागू नका.

आणि आतून मारायचा तो वॉटरप्रूफ रंग, त्याबद्दल मला खरंच तळमळीने सांगावंसं वाटतं कारण यात लोकांचं किती नुकसान होतं. पाणी ज्या बाजूने येतंय त्या बाजूला अडवायचं असतं. तुम्ही आतल्या बाजूने पक्का थर दिला तर पाणी भिंतीत शिरायचं थांबत नाही, फक्त बाहेर पडायची वाट बंद होते. ते रंगामागे साठतं, फुगे येतात, पोपडे सुटतात, नाहीतर बाजूला सरकून आतापर्यंत कोरड्या असलेल्या भागात निघतं. वर वर काही महिने छान दिसतं आणि आत काँक्रीटमधल्या लोखंडी सळया गंजत राहतात. लोखंड गंजलं की गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या २ ते ६ पट होतं, त्या दाबाने काँक्रीट आतून फुटतं आणि छताचे तुकडे खाली पडतात. छतावर तपकिरी तांबूस डाग आणि सरळ रेषेत भेग दिसली तर ते बुरशीचं प्रकरण राहिलेलं नाही, स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवा, आणि तोवर त्याखाली कोणाला झोपू देऊ नका.

गळती सापडली, बंद केली. आता इथे जवळपास सगळे चुकतात. दुसऱ्याच दिवशी रंगारी येतो, पुट्टी मारतो, रंग देतो, कारण घर पसरलेलं असतं, सगळे कंटाळलेले असतात. पण भिंतीच्या आत अजून पाणी आहे. विटांची किंवा काँक्रीटची भिंत किती हळू वाळते याचा ढोबळ हिशोब असा की जाडीतली साधारण इंचभर भिंत वाळायला महिना लागतो, जाड भिंत पूर्ण वाळायला काही महिने सहज जातात. वरून हात लावला तर कोरडी वाटते, पण आतली ओल हळूहळू बाहेर येतच असते आणि तिच्यावर तुम्ही रंगाचं झाकण ठेवलंत तर बुरशीला परत तेच मिळालं. मग माणूस म्हणतो लीकेज काढलं तरी बुरशी आली, म्हणजे प्लंबरने फसवलं. नाही हो, प्लंबरने काम केलंय, भिंतीला वेळ मिळाला नाही.

म्हणून गळती थांबली की सुटलेला रंग, फुगलेली पुट्टी, भुसभुशीत प्लास्टर सगळं खरवडून काढा. भिंत उघडी राहिली की पाणी लवकर उडतं. भिंतीला टेकलेलं फर्निचर बाजूला करा, बुरशी काढून झाली असेल तर पंखा भिंतीकडे तोंड करून ठेवा, डीह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारं यंत्र) असेल तर खोली बंद करून तो चालवा, एसीचा ड्राय मोडही थोडा उपयोगी पडतो. खिडक्या उघडायच्या की नाही हे बाहेरच्या हवेवर आहे, बाहेर पाऊस लागलाय आणि आर्द्रता ९० टक्के आहे तेव्हा खिडकी उघडून भिंत वाळत नाही, बाहेर कोरडं ऊन असेल तेव्हा सगळं उघडा. वाळलं का हे बघायला मॉइश्चर मीटर मिळतो, पण त्याच्या आकड्यावर आंधळा विश्वास नको, क्षार असतील तर तो कोरड्या भिंतीलाही ओली दाखवतो. त्याच घरातल्या, त्याच प्रकारच्या, कधीही न भिजलेल्या भिंतीचा आकडा घ्या आणि त्याच्याशी तुलना करत दर आठवड्याला एक नोंद ठेवा, आकडा खाली येत येत त्या कोरड्या भिंतीच्या जवळ आला आणि तिथे स्थिर झाला की समजायचं आता झालं. उघडी, कुरूप दिसणारी भिंत काही महिने घरात बघत राहणं जड जातं हे मान्य आहे, पाहुणे आले की विचारतात, पण इथे केलेली घाईच पुढच्या वर्षी सगळं परत करायला लावते.

बुरशी साफ करायचं काम मात्र वाळण्याची वाट बघत थांबवायचं नाही, ते आधी उरकून टाका. पंखा लावायच्याही आधी, कारण पंखा बीजाणू घरभर पसरवतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा, ईपीएचा सल्ला असा की साधारण १० चौरस फुटांपर्यंतचा भाग घरच्या घरी साफ करता येतो, त्याहून मोठा असेल, सांडपाण्यामुळे झाला असेल किंवा एसीच्या डक्टमध्ये असेल तर माहीतगार माणसाकडून करून घ्यावा. घरात दमेकरी किंवा लहान बाळ असेल तर त्यांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवा. एन९५ मास्क, रबरी ग्लोव्हज आणि डोळ्यांना पूर्ण झाकणारा चष्मा, हे तिन्ही लागतातच. भिंतीवर जवळ स्विचबोर्ड असेल तर मेन किंवा त्या लाइनचा एमसीबी, म्हणजे फ्यूजच्या जागी असणारा स्विच, बंद करून मगच पाणी लावा, ओल्या भिंतीत करंट उतरलेला असू शकतो. दार लावा, खालच्या फटीत ओलं कापड ठेवा, खिडकी उघडी असू द्या.

कोरड्या ब्रशने घासणं किंवा झाडूने झटकणं सगळ्यात वाईट, लाखो बीजाणू हवेत उडतात. आधी साबणाच्या पाण्याने हलकं ओलं करायचं, मग पुसायचं, घासायचं, फडकी धुऊन परत वापरण्यापेक्षा पिशवीत बंद करून टाकून द्यायची. साधं डिटर्जंट आणि पाणी बहुतेक कडक पृष्ठभागांना पुरतं, काच, धातू, टाईल्स यांवर तर नक्कीच. ब्लीचवर लोकांचा फार भरवसा असतो पण प्लास्टर, लाकूड अशा पाणी शोषणाऱ्या वस्तूंत क्लोरीन वरच राहतं आणि ब्लीचमधलं पाणी आत मुरतं, वरचा रंग उडाल्यामुळे भिंत साफ दिसते, आतले तंतू तसेच. शिवाय मेलेल्या बुरशीनेही अ‍ॅलर्जी होते, त्यामुळे मारून उपयोग नाही, पुसून, खरवडून काढावीच लागते. आणि हे कृपा करून घरातल्या सगळ्यांना सांगा, ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा कुठलंही अ‍ॅसिड मिसळलं तर क्लोरीन वायू निघतो, अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये मिसळलं तर क्लोरामाईन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये दोन्ही जीवावर बेतू शकतात. "दोन औषधं एकत्र केली की जास्त चांगलं" हा विचार इथे चालत नाही.

काय ठेवायचं आणि काय फेकायचं यात मन घट्ट करावं लागतं. जिप्सम बोर्ड, फॉल्स सीलिंगच्या टाईल्स, पार्टिकल बोर्ड, गादी, गालिचा यांच्या आत बुरशी शिरली तर ती काढता येत नाही, पिशवीत बांधून बाहेर काढा. सागासारखं भरीव लाकूड घासून, वाळवून वाचतं. कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवले की बहुतेक वाचतात. पुस्तकं आणि जुने फोटो यांच्या बाबतीत मात्र घाईने फेकू नका, सुटी पानं करून कोरड्या, हवा खेळत्या जागेत वाळवा, नंतर बाहेर मोकळ्या जागेत मऊ ब्रशने हलकेच, मास्क लावून साफ करा.

भिंत वाळल्यावर प्लास्टर आणि रंग निवडताना भिंतीला वाफ सोडता येईल असं काहीतरी घ्या. पूर्वी ओल आली होती त्या भागात जिप्समचं किंवा पीओपीचं काम नकोच, ते पाणी पितं आणि मऊ पडतं. चुन्याचा हात हा जुना उपाय अजूनही चांगला आहे, ताज्या चुन्याचा पीएच १२ च्या आसपास असतो आणि एवढ्या अल्कलीत बुरशीला तग धरता येत नाही, शिवाय चुन्यातून वाफ आरपार जाते. काळाबरोबर हवेतल्या कार्बन डायऑक्साईडमुळे त्याचा हा गुण कमी होतो, म्हणून अधूनमधून परत द्यावा लागतो. बुरशीविरोधी रंग वापरायला हरकत नाही, पण तो कोरड्या भिंतीवरच काम करतो.

वाफेवाली ओल असेल तर रोजच्या सवयी. चार माणसांच्या घरात श्वास, घाम, अंघोळ, स्वयंपाक, कपडे मिळून दिवसाला १० लिटरच्या आसपास पाणी वाफ होऊन हवेत जातं, त्यात घरात वाळत घातलेल्या कपड्यांचा वाटा मोठा असतो, अंघोळीचाही असतो. अंघोळीनंतर २०-३० मिनिटं एक्झॉस्ट चालू ठेवा आणि तो खरंच बाहेर हवा टाकतोय ना हे बघा, जाळीसमोर टिश्यू पेपर धरला तर तो चिकटला पाहिजे. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.

गळती वरच्या घरातून किंवा शेजाऱ्यांकडून येत असेल तर प्रश्न पाण्याचा कमी आणि माणसांचा जास्त होतो. वाद घालण्याआधी ती तारखांची वही आणि फोटो घेऊन जा, आणि रंगीत पाण्याची चाचणी त्यांच्यासमोर, त्यांच्याच बाथरूममध्ये करा. खाली रंग उतरलेला स्वतःच्या डोळ्यांनी बघितला की बहुतेक माणसं वाद सोडतात, त्यांनाही आपल्या स्लॅबची काळजी असतेच. भाड्याचं घर असेल तर मालकाला लेखी कळवा, फोटोसकट, आणि तारीख असलेली प्रत जपून ठेवा. मालकाने नुसता रंगारी पाठवला तर रंगाला नाही म्हणा आणि गळतीची चाचणी मागा, ते तुमच्या तब्येतीसाठी आहे.

सगळं झाल्यावर जुन्या डागाच्या कडेची ती पेन्सिलची रेघ रंगाखाली जाईल, म्हणून रंगाआधी फूटपट्टी ठेवून तिचा फोटो घ्या आणि जागेची मापं लिहून ठेवा. मग पहिल्या मोठ्या पावसानंतर, आणि बाथरूमचं काम असेल तर वापर सुरू झाल्यावर महिनाभर, दर आठवड्याला तिथे हात लावून बघा, वास घ्या. दमट, कुबट वास डागाच्या आधी येतो कारण बुरशी वाढताना वायुरूप रसायनं सोडते. वास आला आणि डाग नसला तरी कपाट ओढून मागे बघा, स्कर्टिंगच्या, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या, टाईलवर टिचकी मारा, पोकळ आवाज येत असेल तर तिथला चिकटलेला थर सुटलाय आणि मागे पाणी पोचलेलं असू शकतं. एवढ्या टप्प्यावर पकडलं तर एक-दोन टाईल उघडून काम होतं.